स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच्या चुका

जुबैलच्या ज्या घरात मी अडीच वर्षं स्वयंपाक करतोय, त्या घरातले लोक हाँगकाँगचे. साहेब रास अल खैरला, समुद्राचं पाणी गोडं करतात त्या प्रकल्पावर इंजिनिअर आहेत. पहाटे बसने जातात, दिवस मावळताना येतात. मॅडम घरूनच काम करतात, खोलीचं दार लावून, कानांवर हेडफोन चढवून. त्यामुळे त्यांची मुलगी सकाळी आठपासून जेवणापर्यंत माझ्याकडे, म्हणजे स्वयंपाकघरात असते. मी आलो तेव्हा ती रांगत होती. आता सव्वातीन वर्षांची आहे. मला ती सुकसुक म्हणते. सुकसुक म्हणजे काका.

त्याआधी सहा वर्षं मी रास अल खैरच्याच एका कामगार कॅम्पच्या मेसवर होतो. तिथे डाळ ढवळायला फावड्याएवढा डाव लागायचा. एकदा बस चुकली म्हणून साहेब आमच्या मेसमध्ये जेवले आणि त्यांनी डाळ दोनदा मागून घेतली. दोन महिन्यांनी माझा इकामा, म्हणजे या अरबी मुलखात राहायचा परवाना, त्यांच्या नावावर झाला. आता माझे कफील, म्हणजे हमी घेणारे मालक, तेच. याबद्दल मी रोज मनात त्यांचे आभार मानतो. आणि रोज मनात भीतीही असते, की हे घर इथून उठलं तर मीही उठलो. आभाराचं मी त्यांना बोलून दाखवलंय. भीतीचं नाही.

त्यांची भाषा कँटोनीज. तिच्यात नुसतं ‘एक मासा’, ‘दोन टेबलं’ असं म्हणून भागत नाही. आकडा आणि वस्तू यांच्या मध्ये आणखी एक शब्द घालावा लागतो, आणि तो वस्तूच्या जातीप्रमाणे बदलतो. आपल्याकडे मेथीची जुडी असते, लसणाची पाकळी असते, केळ्यांची फणी असते, त्यातलाच प्रकार. फक्त त्यांच्यात कुठल्याच वस्तूला सूट नाही. लांबट, लवचीक गोष्टींना थ्यू: मासा, साप, विजार, रस्ता. जनावराला आणि पाखराला चेक, त्यातला च आपल्या चमच्यातला. सपाट ते चंग, मग टेबल असो की कागद. बारीक गोटीसारखं ते लप. गाडीला ‘का’. मी ऐकू येतं तसं लिहितोय, बरोबर उच्चार मॅडमच करू जाणे.

मॅडमनी मला बाजाराची यादी सांगता सांगता हे शब्द शिकवले. मी आठवीत शाळा सोडली, पण पाढे मला अजून तीसपर्यंत येतात, तेव्हा मी हेही पाढ्यासारखंच पाठ केलं. कणीक मळताना पुटपुटायचो: मासा थ्यू, कोंबडी चेक, खजूर लप. मासा लांब आहे म्हणून थ्यू हे मला मॅडमनी सांगितलं, नाहीतर मी कारण विचारणारा माणूस नाही.

पोरगी असं काही पाठ करत नव्हती. दोन वर्षांची असताना तिच्याकडे एकच शब्द होता, को. को हा त्यांच्यातला कुठेही खपणारा शब्द. माणसाला को, चंद्राला को. ती मांजराला, मोज्याला, खजुराला, सगळ्यांनाच को म्हणायची. मॅडम हसून बरोबर शब्द म्हणायच्या, ‘चुकलं’ असं कधी म्हणायच्या नाहीत. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा को म्हणायची. मला वाटायचं, अहो, दहा वेळा म्हणून तरी घ्या तिच्याकडून!

मुलीची आत्या हाँगकाँगला लहान मुलांच्या बोलण्याचा अभ्यास करते. तिने या जानेवारीत मॅडमना सांगितलं की पोरगी मोजताना कोणत्या वस्तूला कोणता शब्द लावते ते रोज टिपून ठेव, मला पाठव. मॅडमना वेळ नव्हता. त्या मला म्हणाल्या, “सकाळभर ती तुझ्यापाशी असते. तुझ्या लिपीत लिही. गुरुवारी मला वाचून दाखव, मी तिला कळवीन.”

मला लिहायचं काम कोणी सांगितलं त्याला तेवीस वर्षं झाली होती. मी त्याच दिवशी दुकानातून पुठ्ठ्याच्या बांधणीची वही आणली.

आमच्या शाळेत दोन वह्या असायच्या, एक कच्ची, एक पक्की. कच्चीत फळ्यावरचं भराभर उतरवायचं, खाडाखोड करायची. मग घरी बसून चुका काढून तेच पक्कीत चांगल्या अक्षरात लिहायचं. गुरुजी तपासायचे ती पक्की. कच्ची वही वर्ष सरलं की चणेवाल्याकडे जायची, पुड्या बांधायला. माझी पक्की वहीसुद्धा तांबड्या शाईने भरून परत यायची, आणि आठवीत एकदा गुरुजींनी ती वर्गापुढे मोठ्याने वाचून दाखवली. त्याच वर्षी मी शाळा सोडली. कारणं आणखीही होती, पण तेही एक होतं.

तेव्हा हे दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने करता येईल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. कच्च्या वहीच्या जागी माझं कॅलेंडर होतं. पलीकडच्या गल्लीतले नाशिकचे इंजिनिअर दर वर्षी सुट्टीवरून येताना मराठी कॅलेंडरं आणतात, त्यातलं एक फ्रिजशेजारच्या खिळ्याला असतं. घरी आई चौकोनात दुधाचं लिहायची, तसं मी सिलिंडर कधी बदलला, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या कधी आल्या ते लिहितो. त्याच चौकोनांत पोरगी काय म्हणाली ते बारीक अक्षरात कोंबायला लागलो. गुरुवारी दुपारी भांडी झाली की ते पक्क्या वहीत उतरवायचो. चुका काढून.

कॅलेंडरवर काय काय होतं ते सांगतो.

जानेवारीत तिला चेक सापडला. आवारातल्या मांजरांपासून सुरू झालं, मग पाल, कोंबडी, ट्रकमध्ये बसून चाललेला उंट. इथवर बरोबर. पण मासळीबाजारात बर्फावर पडलेल्या हमूरलाही ती चेक म्हणाली. मला ते खरं तर पटलं होतं. डोळे आहेत, तोंड आहे, मग जनावरच की. पक्क्या वहीत मी लिहिलं: हमूर, थ्यू.

फेब्रुवारीत थ्यू आला. एका शुक्रवारी साहेबांनी आम्हा सगळ्यांना रास अल खैरच्या रस्त्याने फिरायला नेलं. वाळूतून खनिज भरलेली मालगाडी चालली होती, डबे संपेचनात. पोरगी काचेला नाक लावून म्हणाली, थ्यू. साहेब म्हणाले, गाडी ती, ‘का’ म्हणायचं. ती म्हणाली, थ्यू. साहेब पुन्हा म्हणाले, का. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही, डबे अजून येत होते. पक्क्या वहीत: मालगाडी, का.

खुब्ज म्हणजे इथली सपाट रोटी. ती खाताना पोरगी चंग म्हणायची, कागदासारखी किंवा चादरीसारखी. यावर मला स्वतःलाच बरोबर काय ते माहीत नव्हतं, म्हणून विचारलं. मॅडम म्हणाल्या फाय, वडीला-तुकड्याला लावतात तो. साहेब म्हणाले को. मग दोघांचं त्यावरून चांगलंच जुंपलं आणि तेवढ्यात रोटी गार झाली. मी मॅडमचं लिहिलं.

आणि एकदा ती ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून घरातली माणसं बोटांवर मोजत होती. आई, को. बाबा, को. सुकसुक, चेक. मांजर, उंट, हमूर आणि मी. हे मी कॅलेंडरवर लिहिलं, पण पक्क्या वहीत सुधारूनही घेतलं नाही. सोडूनच दिलं.

दर गुरुवारी मी वही वाचायचो आणि मॅडम लॅपटॉपवर उतरवून घ्यायच्या. मध्येच थांबून विचारायच्या, “हे तिनेच म्हटलं?”

“हो मॅडम.”

त्यांचा चेहरा खुलायचा, आणि मला त्याचं समाधान वाटायचं.

मार्चच्या सुमारास मला कळलं की या वहीवर माझंही काही अडकलंय. पोरगी आईबापांशी कँटोनीज बोलते, शेजारच्या फिलिपिनो मुलांशी इंग्रजी, माझ्याशी दोन्हींची खिचडी आणि वर माझे ‘अगं’ आणि अरबी ‘यल्ला’, म्हणजे चल. मॅडमना धास्ती होती की एवढ्या गलक्यात पोरीची स्वतःची भाषा मागे पडेल. त्यांनी मला सरळच सांगितलं. आत्या जर म्हणाली की मागे पडतेय, तर जूनमध्ये त्या तिला घेऊन हाँगकाँगला जाणार, तिथल्या बालवाडीत घालायला. साहेब एकटे कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहतील. क्वार्टरला मेस आहे.

मला त्यांनी हे धमकी म्हणून सांगितलं नव्हतं. आधी कळलेलं बरं म्हणून सांगितलं. त्यानंतर मी वही जास्तच काळजीने लिहायला लागलो.

एप्रिलमध्ये एका शुक्रवारी सकाळी आत्या व्हिडिओवर आली. मॅडमनी लॅपटॉप ओट्यावर ठेवला, पोरीला समोर बसवलं. आत्याने एकेक वस्तू दाखवायला सुरुवात केली, मुद्दाम तिने कधी न पाहिलेल्या. लाकडी कंगवा, घडीचा पंखा, कसल्याशा बिया. पोरगी म्हणाली को. पुढच्यालाही को. आत्या मॅडमशी काहीतरी भराभर बोलली. मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ती विचारतेय, वहीत एकही चूक नाही, मग आत्ता असं का?”

मी कोथिंबीर निवडत होतो. म्हणालो, “लाजली असेल, मॅडम.”

दुसऱ्या दिवसापासून मी पोरीला शिकवायला घेतलं. खजुराची वाटी ओट्यावर ठेवायचो. एक खजूर वर धरायचो. बरोबर म्हण, मग खजूर. मासा? टेबल? मालगाडी? तिला खजूर फार आवडतो, त्यामुळे आठ दिवसांत तिला पंधरा शब्द पाठ झाले. मग लक्षात आलं की कॅलेंडरवर लिहायला काही उरलंच नाही. ती आपण होऊन मोजेनाशी झाली. खिडकीतून मांजर दिसलं की आधी ओरडायची, आता आधी माझ्या तोंडाकडे बघायची. मी मान हलवली की बोलायची. नाही हलवली तर तोंड मिटायची.

हे बघणं माझ्या ओळखीचं होतं. आठवीत मी गुरुजींच्या तोंडाकडे असंच बघायचो. तरी मी आणखी दोन आठवडे खजूर धरतच राहिलो.

शुक्रवारी दुपारी बायकोचा फोन असतो. ती चिपळूणजवळच्या आमच्या गावी असते, मुलगी आता चौथीत आहे. बायकोला मी वहीबद्दल सांगितलं होतं, तेव्हापासून ती मला मास्तर म्हणते.

“काय मास्तर, पोरीची शाळा काय म्हणते?”

मी म्हटलं, “चुका फार करायची. आता नाही करत.”

“अहो, एवढीशी पोर ती! आपली काय कमी करायची? चौघी कोंबड्या म्हणायची.”

“काय?”

“चौघी कोंबड्या. ‘आये, चौघी कोंबड्या इल्या.’ बायकांना म्हणतात ना चौघी, मग हिचं कोंबड्यांनापण तेच. तुमची आई हसून हसून पडायची, वर तीच म्हणायची, घाल गं चौघींना दाणे.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“त्यात सांगायचं काय? तुम्ही फोनवर विचारायचात, ताप आहे का, जेवली का.”

“मग कधी सुटलं?”

“काय?”

“चौघी कोंबड्या.”

“काय माहीत बाई. एक दिवस चार म्हणायला लागली. कोण लिहून ठेवतंय!”

फोन ठेवल्यावर मी एप्रिलचं पान बघितलं. शेवटचे तीन आठवडे चौकोन रिकामे, फक्त एका ठिकाणी ‘सिलिंडर’.

रविवारी सकाळी साहेब गेल्यावर मी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि मॅडमच्या खोलीचं दार वाजवलं. दार लावलेलं असताना मी ते कधी वाजवलं नव्हतं. त्यांनी हेडफोन काढले. “काय जळलं?”

“काही नाही, मॅडम. वही खोटी आहे.”

मला नीट सांगता आलं नाही. मी जानेवारीचं पान उघडून वाचायलाच लागलो. पाचसहा चौकोन झाल्यावर त्यांनी हात वर केला. “हे तिने म्हटलं, आणि तू बदललंस?”

“सुधारलं.”

“का?”

मी त्यांना कच्ची वही आणि पक्की वही समजावून सांगितली. इंग्रजीत ते फार वेडगळ वाटलं. जूनचंही सांगितलं, की चुका दिसल्या तर तुम्ही जाल याची भीती होती. तेवढंच त्यांना लगेच कळलं.

“दर गुरुवारी मी तुला विचारत होते,” त्या म्हणाल्या. “हे तिनेच म्हटलं का. तू हो म्हणत होतास.”

त्यांनी माझ्या हातून कॅलेंडर घेतलं आणि दार लावून घेतलं. देवनागरी त्यांना वाचता येत नाही. घेऊन काय केलं कोण जाणे.

त्या दिवशी माझा भात गिच्च झाला. इतक्या वर्षांत तसा झाला नव्हता. मी मनात हिशोब करत होतो की कॅम्पच्या मेसवर माझ्या जागी आता कोण असेल आणि तो सुट्टीवर कधी जातो. पोरगी खाली बसून डबे रचत होती.

जेवायला मॅडम आल्या त्या कॅलेंडर घेऊनच. भाताकडे बघितलं. मग जानेवारीच्या एका चौकोनावर बोट ठेवलं. “हा चौकोन तू वाचताना टाळलास. उडी मारलीस. काय आहे?”

मी वाचलं. आई को, बाबा को, सुकसुक चेक.

त्या खुर्चीत मागे रेलून हसायला लागल्या. पोरगीही काही न समजता हसायला लागली. डोळे पुसून त्या म्हणाल्या, “मांजर, उंट आणि तू. माझ्या आईला हे सांगितलंच पाहिजे.” मग लगेच गंभीर झाल्या. “शुक्रवारी आत्याला सगळं वाचून दाखव. तूच. काही गाळायचं नाही.”

शुक्रवारी वाचायला सव्वा तास लागला. मी तारीख सांगायचो, वस्तू सांगायचो, पोरीचा शब्द सांगायचो. आत्या लिहून घ्यायची आणि दर वेळी एकच विचारायची, हे तिला कोणी शिकवलं होतं का. मालगाडीपाशी मी म्हटलं, “कोणीच नाही. उलट साहेबांनी दोनदा ‘का’ म्हणायला सांगितलं, तिने ऐकलं नाही.” आत्याने लिहिणं थांबवून ती सगळी हकिगत पुन्हा ऐकली. डबे किती होते, हेसुद्धा विचारलं. ते मी मोजले नव्हते.

मग तिने एप्रिलचे रिकामे चौकोन विचारले. मी खजुराचं सांगितलं. मला वाटलं आता ओरडणार. ती मॅडमशी बराच वेळ बोलली, आणि मॅडमनी मला थोडक्यात सांगितलं. ती म्हणतेय, सगळं बरोबर असलेल्या वहीनेच तिला काळजीत टाकलं होतं. तिला वाटलं पोर फक्त ऐकलेलं परत बोलतेय, नव्या वस्तूला काय म्हणायचं हे तिचं तिला सुचत नाहीये. मालगाडीला थ्यू म्हणणाऱ्या पोरीची चिंता नाही. या वयात असंच व्हायला हवं.

“आणि खजूर?” मी विचारलं.

आत्या स्क्रीनवरून थेट माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाली, “खजूर द्या ना. पण काही म्हणायला लावू नका.”

जूनचं काय, ते त्या दिवशी कोणी काढलं नाही. मीही विचारलं नाही. मे महिन्यात एका सकाळी मॅडम चहा घेताना म्हणाल्या की आवारातल्याच बालवाडीत सप्टेंबरपासून नाव घातलंय, तू डब्याला काय देशील? मी म्हटलं, उपमा. आणि पटकन फ्रिज उघडून आत बघत राहिलो, काही काढायचं नसताना.

गुरुवारचं वाचन चालू आहे, आता सरळ कॅलेंडरवरून. मॅडम शेजारी उभ्या राहतात. अजूनही विचारतात, “हे तिनेच म्हटलं?” आधीसारख्या हसून विचारत नाहीत, खरंच विचारतात. ते माझ्यामुळे झालंय, आणि ते किती दिवस राहील मला माहीत नाही. खजूर मी सकाळी ती आल्या आल्या देऊन टाकतो. पहिले आठदहा दिवस ती खजूर हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मग एकदा खाऊन मोकळी झाली, आणि त्याच दिवशी झाडूला थ्यू म्हणाली.

जुलैत साहेब रजेवर हाँगकाँगला निघाले तेव्हा आत्याने ते कॅलेंडरच मागवून घेतलं, आहे तसं, सगळ्या पानांसकट. पोचल्यावर तिने मागच्या बाजूंचे फोटो पाठवले आणि विचारलं की हे पोरीबद्दल काय लिहिलंय. एका पानामागे मिथुन राशीचं भविष्य होतं, दुसऱ्यामागे फणसाची भाजी. मी तसं कळवलं.

नाशिकच्या इंजिनिअरांकडे दुसरं कॅलेंडर शिल्लक होतं, पण मी अजून गेलो नव्हतो. सोमवारी सकाळी पोरगी स्टुलावर चढली आणि फ्रिजशेजारच्या मोकळ्या भिंतीकडे बघून थबकली. कॅलेंडरला काय म्हणतात ते तिला कोणी सांगितलेलं नाही. मलाही त्यांच्या भाषेतला शब्द येत नाही. तिने खिळ्याकडे बोट केलं. माझ्याकडे बघितलं नाही.

“ती चंग कुठेय?” ती म्हणाली.

हाताशी लिहायला काही नव्हतं. खुब्जच्या कागदी पिशवीतल्या रोट्या काढून ताटात ठेवल्या आणि पिशवीवर लिहिलं: सोमवार. कॅलेंडर, चंग. कोणी शिकवलं नाही.